मेधाताईचं बेडचं पेज

मेधाताई गेली.
परवा दुपारी, डोंबिवलीत, स्वतःच्या घरी.

नौपाड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसातून आम्ही घरच्या पेशंटचं सामान ऑनलाइन विकतो. वॉकर, व्हीलचेअर, हॉस्पिटलसारखे बेड. वेबसाइटवर काय दिसणार ते मेधाताई ठरवायची. कोडिंग माझं.

म्हणजे ती सांगायची आणि मी करायचो.

बेडच्या पेजवर सुरुवातीला नुसता बाजार होता. सगळे बेड एकाखाली एक, ऑफर, स्टार, वर लाल अक्षरांत "लवकर करा".

तिने सगळं काढायला लावलं.

आमचे मालक, म्हणजे सर, वैतागले. "अहो, कस्टमरला चॉइस नको का?"

"साडी घेताना हवा की. हा माणूस हॉस्पिटलच्या बाकावर बसलाय, सर. डॉक्टर आत्ताच म्हणालेत, पेशंटला घरी न्या. त्याला अजून किती विचार करायला लावायचा?"

सरांनी हात टेकले.

पेजवर एकच प्रश्न राहिला. पेशंट स्वतः उठून बसू शकतो का? हो किंवा नाही दाबायचं. त्याप्रमाणे एकच बेड दिसतो.

टेस्टिंग तिच्या नवऱ्यावर, म्हणजे सुनीलदादांवर. साधा शाम्पू घ्यायचा असला तरी दादा दुकानातून तिला फोन करणार, "अगं, कुठला घेऊ?"

"यांना जमलं म्हणजे जगात कुणालाही जमेल," असं ती त्यांच्यासमोरच म्हणायची. तेही हसायचे.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिलाच घरी न्यायला सांगितलं.

बेडच्या एका ऑर्डरवर दादांचं नाव दिसलं.

परवा स्मशानात नळावर हातपाय धुताना दादा म्हणाले, "पेज सोपं आहे रे. कुणाला काही विचारावं लागलं नाही."

मग रुमाल शोधत म्हणाले, "फक्त ते 'नाही' दाबायला फार वेळ लागला. वाटत होतं, बसेल उठून."

डिझाइनमध्ये याला उपाय नाही. असता तर तिने शोधला असता.

"बेड आल्यावर काही म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली ना. बेडबरोबर चादर येत नाही, ते पेजवर लिहायचं राहिलंय. त्याला सांगा."

आज सकाळी ती ओळ टाकली.

टाकल्यावर सवयीने तिलाच मेसेज टाइप केला. झालंय ताई, बघून घे.

पाठवला नाही.

मेधाताई, तुला शेवटचा नमस्कार.