आखूड नळीची पावडर

रॉननं माहितीपत्रक छापून आणलं, तेव्हा माझी टेस्ट अर्धीसुद्धा झाली नव्हती. ‘आखूड नळीच्या रायफलला फास्ट पावडरच वापरा,’ असं त्यावर ठळक अक्षरांत होतं.

रॉन माझा मॅनेजर. साल २००४. बंदुकीची पावडर विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये मी केमिकल इंजिनिअर होते. रोज कॅरी गावातल्या घरून तासभर ड्राइव्ह करून जायचे. तिकडे बरेच शिकारी काडतुसं घरीच भरतात. कुठल्या काडतुसात कुठली पावडर, किती भरायची, हे आम्ही मोजून सांगायचो.

फास्ट पावडर भर्रकन जळते, स्लो जरा दमानं. रॉनचं म्हणणं असं, की नळी आखूड असली की स्लो पावडरला जळायला वेळच मिळत नाही, ती वाया जाते. ऐकायला पटतं. म्हणूनच मी चोवीस इंची नळी घेतली, दोन-दोन इंच कापत गेले आणि दर वेळी दोन्ही पावडरींवर गोळीचा वेग मोजला. अठरा इंचांवर दोन्हींचा वेग उतरला, पण स्लो पावडर तरीही पुढेच. कारण पावडर बहुतेक सगळी पहिल्या काही इंचांतच जळते. पुढे गोळीला ढकलतो तो तिचा गॅस, आणि स्लो पावडर जास्त भरता येते म्हणून तिचा गॅसही जास्त.

टेस्ट संपली तेव्हा पत्रकं अजून ऑफिसातच होती, पण रॉननं आकडे पाहिलेच नाहीत. नळीच्या तोंडाशी जाळ दिसतो, ती वाया गेलेली पावडरच, म्हणाला. तो जाळ तापलेल्या गॅसला बाहेरची हवा लागून होतो, हे मी तीनदा सांगितलं. स्लो पावडरचा आवाज आणि जाळ जास्त, हा तोटा खरा आहे, पत्रक नव्यानं काढून तेवढंच छाप म्हटलं.

“मेधा, मी तीस वर्षं शिकार करतोय,” तो म्हणाला.

आणि पत्रकं दुकानांत गेली.

शिकारीचा सीझन तोंडावर आला आणि पेनसिल्व्हेनियातून अर्ल नावाच्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. त्यांनी पत्रक वाचून फास्ट पावडर घेतली होती. वेग मिळेना, म्हणून दर वेळी चिमूटभर वाढवत गेले. फास्ट पावडरचा दाब एकदम चढतो, तिथे चिमूटही भारी पडते. आता रिकामं काडतूस बाहेर काढणारा बोल्ट अडकून बसला होता. हातोडा मारू का, असं ते विचारत होते.

हातोडा खाली ठेवा, रायफल तशीच बंदुका दुरुस्त करणाऱ्या गनस्मिथकडे न्या, असं मी सांगितलं. त्यांना ते पटेना. तिथे शिकार करणारा कुणी पुरुष आहे का, म्हणाले.

मी रॉनला बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला. रॉननं अगदी माझेच शब्द सांगितले. ते लगेच पटले. मग त्यानं विचारलं, एवढी फास्ट पावडर घ्यायला सांगितलं कुणी?

“तुम्हीच. कागद माझ्या हातात आहे.”

रॉन माझ्याकडे न बघता खुर्चीत बसला.

गनस्मिथनं नंतर सांगितलं, की दाबानं काडतुसाचं पितळ पसरून बोल्टच्या तोंडात घट्ट बसलं होतं. रायफल भंगारात गेली. अर्लना खरचटलंही नाही. हातोड्यानं बोल्ट सोडवून आणखी एक बार काढला असता तर डोळे वाचले नसते. रॉननं दोन दिवस स्वतः दुकानांना फोन करून पत्रकं परत मागवली. नव्या पत्रकात माझे आकडे छापले.

आकडे बरोबर असून भागत नाही. ते छापखान्याच्या आधी पोचावे लागतात. त्यानंतर मी टेस्टचे आकडे तोंडी सांगितले नाहीत. ईमेल करायचे, आणि सीसीत रॉनच्या बॉसला ठेवायचे.