सगळ्या गल्लीत बसवलेली पट्टी

चाचा सोबत नसते तर ठाण्याच्या वकीलबाईंकडे जायची माझी हिंमतच झाली नसती. चाचा म्हणजे भिवंडीतले माझे लूममालक, यंत्रमागांचे मालक; सातवीत शाळा सोडून परभणीहून आलेल्या मला काम त्यांनीच शिकवलं. लूमच्या तेलाचा वास आला की बाईंकडे गेलो तो दिवस आठवतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटताच जुनी लूम थांबवणारी पट्टी मी बनवली होती, आणि पेटंट मिळणार असं आईला फोनवर सांगूनही बसलो होतो. बाईंनी पट्टी उलटसुलट पाहिली. "छान आहे. पण दुसऱ्याला नक्कल करण्यापासून अडवता आलं, तरच पेटंटला किंमत. आधी कुणाला दाखवलीत?" "सगळ्या गल्लीत मीच बसवून दिली," मी अभिमानानं म्हणालो. आमच्यात नवं काही जमलं की शेजाऱ्याच्या लूमलाही लावून द्यायची रीतच. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग आता ती सगळ्यांची झाली. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळतं." जिना उतरताना मला रडू आवरेना. आईला काय सांगू? तेवढ्यात तिचाच फोन आला. चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "भाभी, पोराची काय चूक न्हाय. बाजूवाल्याला लावून दे, असं मीच बोललो होतो." ते तसं कधीच बोलले नव्हते. अजून दुसरं काही सुचलेलं नाही, सुचेल की नाही याची धास्ती वाटते. पण सुचलं, तर त्याच्या पेटंटवर अर्धा हक्क चाचांचा असेल.