पडद्याची उजवी कड

अक्षर माझं वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझ्या हातात पेन्सिल राहिली नाही. कामठीला माहेरी शेजाऱ्यांचे लूम, म्हणजे कापड विणायचे माग होते, तिथं मला सुताच्या कांड्या भरायला बसवलं, आणि अक्षर तिथंच थांबलं. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागावीशी वाटते. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. पण आज आनंद पोटात मावत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही हिंगण्याच्या पलीकडच्या धरणावर मासेमारी करतो. माझा नवरा नाव वल्हवतो, मी जाळं सोडते. संध्याकाळी लावायचं, पहाटे काढायचं. अलीकडं धरण भरलेलं राहू लागलं आणि मासा कुठं जाऊन बसला ते कळेना. सासऱ्यांच्या वेळच्या ठरलेल्या जागा होत्या, त्या सगळ्या रिकाम्या निघायला लागल्या. नवरा म्हणू लागला, नाव विकतो आणि कंपनीत लागतो.

मग त्यांनी दुसऱ्या एका तलावावर मासे दाखवणारं मशीन पाहिलं. वहीच्या पानाएवढा पडदा, त्याला वायर, वायरच्या टोकाला पाण्यात सोडायचा काळा गोळा. गोळा पाण्यात आवाज सोडतो, तो आवाज खाली आपटून परत येतो आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटतं. दुकानदारानं एवढंच सांगितलं. आणखी विचारावं असं मला खूप वाटत होतं, पण मी पदर चावत उभी राहिले.

पैसे माझ्या नणंदेनं दिले. ती हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला जाते. रात्री दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस तिला चौकात सोडते आणि तिथून घरापर्यंत सुनसान रस्ता, मागं कुत्री. स्कूटी घ्यायची म्हणून तिनं ते पैसे साठवले होते.

"घेऊन जाय वहिनी," ती म्हणाली. "पन बुडवू नको बरं. त्या रस्त्यावरचे कुत्रे आता मले नावानं ओळखून राहिले."

ती हसली. मला हसू आलं नाही. तिची स्कूटी आता माझ्या मांडीवर होती, कारण नवऱ्याचे दोन्ही हात वल्ह्यात, म्हणजे पडदा मलाच पाहायचा होता.

पडद्यावर खाली जाड पट्टा दिसायचा, तो धरणाचा तळ. वर निळं पाणी. त्या निळ्यात मधेच एखादी वाकडी रेघ यायची, भुवईसारखी. ती भुवई म्हणजे मासा. पहिल्याच संध्याकाळी पडद्याच्या डाव्या बाजूला भुवयाच भुवया दिसल्या. मी हात केला, डावीकडं. त्यांनी नाव डावीकडं घेतली, आम्ही जाळं लावलं. पहाटे ओढलं तर हातात पाणी आणि शेवाळ.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. एकदा उभ्या रेघांचा दाट झुपका दिसला, मला वाटलं आता मासेच मासे. त्या बुडालेल्या बाभळी निघाल्या. जाळं फाटलं ते वेगळंच.

घाटावर मासे निवडणारी एक म्हातारी आहे, तिला सगळे आजी म्हणतात. ती रोज वाट पाहायची.

"काय वं, आज टीव्हीत काय लागलं होतं? मासे, का सिरीयल?"

बाया हसायच्या. मी खाली मान घालून जाळं झटकत राहायची.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू डावीकडं म्हनते अन् डावीकडं पान्याबिगर काही नाही. वापस करू मशीन. दुकानदार अर्धे तरी पैसे देईन."

मी म्हटलं, "अर्ध्या पैशात अर्धी स्कूटी येते का जी?"

माझ्या तोंडून एवढं निघालं याचंच दोघांना नवल वाटलं. मशीन काही वापस गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच फाटलं जाळं शिवायला नावेत जाऊन बसले. नाव खुंटीला बांधलेली, वारा नाही, पाणी अगदी स्थिर. उगाच मशीन लावलं. आणि पाहते तर चित्र सरकत होतं! उजवीकडून डावीकडं, हळूहळू. नाव तर जागेवर होती. मग हे चाललं कुठं?

आमच्या नावेत दोरीला बांधलेला एक दगड असतो. खोली किती आणि खाली चिखल आहे की खडक, हे पाहायला तो सोडायचा, ही सासऱ्यांची पद्धत. तो दगड मी गोळ्याच्या अगदी जवळून पाण्यात सोडला. पडद्याच्या उजव्या कडेला एक ठिपका आला आणि त्याची रेघ खाली उतरत गेली. मी दोरी धरून ठेवली. रेघ आडवी झाली आणि डावीकडं लांबत चालली. दगड माझ्या हाताखाली, आणि त्याची रेघ पार पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत! दोरी वर ओढली, उजव्या कडेला रेघ चढली. खाली सोडली, उतरली. मी पुन्हा ओढली, पुन्हा सोडली. डोंगर, दरी, डोंगर. मी दगडानं चित्र काढत होते. एकटीच खळखळून हसले आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

तेव्हा मला लूम आठवला. लूमवर कापड विणलं जातं ते एका जागी, फणीशी. आत्ताचा धागा तिथं. विणून झालेलं कापड पुढं सरकतं आणि रुळावर गुंडाळलं जातं. गुंडाळलेल्या कापडात मघाचा धागा असतो, आत्ताचा नसतो. माझ्या मांडीवर तेच चाललं होतं. उजवी कड म्हणजे फणी. डावीकडं जे दिसतं ते विणून झालेलं, नाव ज्याच्यावरून येऊन गेली ते. डावीकडं म्हणजे डाव्या हाताला नाही, मघाशी!

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. इतकं सलग मी लग्नानंतर कधी बोलले नसेन. त्यांनी डोक्याला हात लावला.

"म्हंजे इतके दिवस मासे आपल्या मागं, अन् आपन डावीकडं पाहून राहिलो?"

"हो."

"अन् मीच मशीनले शिव्या दिल्या," ते म्हणाले आणि दोघंही हसलो.

त्यानंतर मला वेडच लागलं. दगड सोडायचा आणि पडद्याशी जुळवून पाहायचं. दगडाला चिखल लागून आला की पट्टा पातळ, फिकट. दगड टणकन आपटून स्वच्छ वर आला की पट्टा जाड आणि लालभडक. बाभळीची रेघ तळातून निघते, मासा पाण्यात मोकळा असतो. नाव चालती असली तर माशाची भुवई होते. थांबली असली आणि मासाही खाली थांबला, तर लांब दोरीच दिसते, दगडाची दिसली होती तशी. शाळेत बाराखडी आली होती तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचत सुटले होते, तसं झालं.

मग ती संध्याकाळ आली. धरणात बुडालेला एक जुना गाडीरस्ता आहे, त्याच्यावरून जात होतो. तळ लालभडक झाला आणि त्याच्यावर हातभर उंचीला एक जाड भुवई उमटली. मग दुसरी. मग एकात एक अडकलेल्या कितीतरी.

"थांबा!" मी ओरडले. आवाज पाण्यावरून पार पलीकडं गेला. "मागं घ्या, सरळ मागं!"

"डावीकडं नाही न?"

"मागं म्हटलं न जी!"

त्यांनी नाव आली तशी उलटी घेतली. भुवया पुन्हा आल्या. तिथंच जाळं लावलं. रात्री आम्ही जेवलो काय आणि झोपलो काय, आठवत नाही.

पहाटे जाळ्याची दोरी धरली आणि ती माझ्या हातातून ओढली गेली. नवरा वल्हं टाकून माझ्यामागं आला. पाण्यातून पांढरं पोट चमकलं, मग मोठं डोकं. कतला! त्याच्यामागं आणखी एक, मग रोहू, मग पुन्हा कतला. नाव एका अंगाला कलली. नवरा नुसता मासे सोडवत होता आणि हसत होता.

घाटावर आजीनं टोपली पाहिली, मग मला पाहिलं.

"सिरीयल चांगली हाय वं तुझी. मले पन दाखवजो."

मी तिला नावेत बसवून दाखवली. माझ्याच तोंडानं सांगत, सगळ्या बायांसमोर, दगड सोडून.

रोजच असं झालं नाही. काही दिवस रिकामेही गेले. पण प्रत्येक बाजारानंतर थोडे पैसे बाजूला काढले आणि नणंदेला नेऊन दिले. आज उरलेले सगळे घेऊन गेले. तिनं ते कपाटात ठेवले, परत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"झाले वहिनी, पूर्ण झाले. आता तुह्याकडं माहं काही राहिलं नाही."