लेबलवरचे दहा थेंब

माझ्या आत्याचं औषधांचं दुकान आहे आणि तिची जीभ म्हणजे दांडपट्टा. काउंटरवर तिने स्वतः पाटी लिहून लावलीय: ‘लेबलवर लिहिलंय तेवढंच घ्या. स्वतःची अक्कल पाजळू नका.’ मनानेच अर्धी गोळी घेतलेल्या गिऱ्हाइकाला ती भर दुकानात फैलावर घेते.

घरच्या काचेच्या टाकीत मात्र तिचा जीव. तळाच्या वाळूत मिश्या खुपसत हिंडणारे सहा लोच मासे तिने पाच वर्षं सांभाळले होते. परवा टाकीतल्या दोन-तीन माशांवर पांढरे ठिपके दिसले. तिने औषधाची बाटली काकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हातात दिली आणि दुकान गाठलं. संध्याकाळी आली तर बाकीचे मासे मजेत पोहत होते आणि सहाही लोच मरून पडले होते.

“किती टाकलंत?” आत्या कडाडली.

“दहा थेंब.”

“दहा? अहो, लोचच्या अंगावर खवले नावालाच असतात! औषध सरळ आत भिनतं. लोच असले की अर्धाच डोस टाकायचा! इतकी वर्षं या घरात काय डोळे मिटून बसला होतात?”

काकांनी बाटली तिच्यासमोर आदळली.

“मागे तू पाचच टाकले होतेस, ते होतं माझ्या लक्षात. म्हणून दुपारी दुकानात फोन केला. ‘लेबल वाचा, स्वतःची अक्कल पाजळू नका,’ म्हणालीस आणि माझं ऐकायच्या आत फोन आपटलास.”