खाडीचे मामा

मामांना पोहता येत नव्हतं. तरी होडी काठाला लागली की चिखलात पहिला पाय त्यांचाच पडायचा. पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, हातात बांबूची काठी. काठी खुपसून ते चिखलाची खोली बघायचे, चार पावलं पुढं जायचे आणि मगच वळून आम्हाला म्हणायचे, "या आता. जिथं मी पाय ठिवला तिथंच ठिवा."

मामा आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. गाव अजिंठ्याकडचं, घर शेतकऱ्याचं. नोकरी लागल्यावर संभाजीनगरला आले आणि पुंडलिकनगरात दोन खोल्या बांधून राहिले. आमच्या विभागाची सहल दरवर्षी डिसेंबरात कोकणातल्या एका खाडीवर जायची, कांदळवन बघायला. समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो अशाच एका सहलीत, सामान वाहायला म्हणून गेले होते तेव्हा. नंतर एकही सहल त्यांनी चुकवली नाही.

त्या खाडीवर त्यांचा लई जीव. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटांएवढी मुळं वर आलेली असतात, झाड त्यांतून श्वास घेतं. आम्हाला ते पुस्तकातून कळलं होतं. मामा सांगायचे, "नाकं हायेत ती झाडाची. नाकावर पाय दिऊ नका." कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, कोंब चांगला वीतभर वाढला की खाली चिखलात पडतो. मामा तो लोंबणारा कोंब हातात न घेता नुसता दाखवायचे. "लेकराला पाय फुटल्याबिगर आई सोडत नाय त्याला." सरांनी तासभर शिकवलेलं विसरून जायचो. हे विसरलो नाही.

घरी मामी होत्या आणि मुलगा संतोष, वाळूजला एका कारखान्यात कामाला. सहलीत मामींचे दिवसातून चार फोन यायचे. जेवलात का, पाणी बदललंय तर उकळून प्या, असलं काहीबाही. मामा सगळ्यांसमोर लाजत बोलायचे. मामींना एकदा खाडी दाखवायची असं ते दर वर्षी म्हणत. "पुढल्या साली आणतोच तिला. होडीत बसंल का नाय, ठाऊक नाय."

मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा मामींची किडनी बिघडली होती. त्या वर्षी मामा यायला तयार नव्हते. विभागप्रमुखांनी गळ घातली, आणि मामींनीच म्हणे बॅग भरून दिली. सहलीचा प्रतिनिधी मी. चिखलात फोन पडू नयेत म्हणून होडीत बसण्याआधी सगळ्यांचे फोन एका प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून माझ्याकडे ठेवलेले असत. मामांनी आपला साधा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घरचा आला तर तेवढी हाक मार."

होडी निघाली आणि पिशवीत फोन वाजला. मामा पुढच्या टोकाला काठी धरून उभे होते. फोनवर 'घर' अशी अक्षरं होती. ओहोटीची वेळ जेमतेम दोन तासांची, सर आधीच उशीर झाला म्हणून चिडलेले. मामी जेवणाचंच विचारत असतील, परत आल्यावर बोलतील, असं मला वाटलं. मी आवाज बंद केला. मांडीवरच्या पिशवीत तो फोन आणखी दोनदा थरथरला. मी बाजूच्या मुलीशी काहीतरी बोलत राहिलो.

परतल्यावर धक्क्यावर मामांनी फोन घेतला, डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितला. तेवढ्यात संतोषचा फोन आला. मामा फक्त व्हय, व्हय म्हणत होते. मग पायरीवर बसले. मामी गेल्या होत्या, दवाखान्यात नेता नेता. मी जवळ जाऊन म्हणालो, मामा, मला कळलंच नाही फोन वाजलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पोरांचे पाय धुऊन घ्या," म्हणाले. "बसमधी चिखल नको." सरांनी भाड्याची गाडी करून त्यांना पुढं पाठवलं.

त्यानंतर ते कधी सहलीला आले नाहीत. दोन वर्षांनी निवृत्त झाले. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हापासून ते मला अहोजाहो करत, सर म्हणत. मला ते सोसायचं नाही. गेल्या डिसेंबरात मी त्यांना आग्रह करून सहलीला नेलं. का नेलं, मलाही नीट सांगता येणार नाही.

होडीत बसले नाहीत ते. धक्क्यावरच बसून राहिले. मुलं होडीत चढत असताना मला जवळ बोलावून म्हणाले, "सर, त्या दिवशी फोन कधी आला हुता?"

मी खरं सांगितलं. होडी सुटली तेव्हा. पहिला ऐकू आला, पुढचे दोन मांडीला कळले.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "येळ दिसती की फोनमधी. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं." मग पाण्याकडे बघत म्हणाले, "पोचलो तर नसतोच मी. पर बोलणं झालं असतं."

मी काही म्हणणार तोच ते उठले. मुलं वाट बघतायत, जा, म्हणाले. येताना बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती, मी तिथं बसायचं धाडस केलं नाही. सकाळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले, नेहमीसारखं "येतो सर" म्हणाले. फेब्रुवारीत झोपेतच गेले.

दहाव्यानंतर मी घरी गेलो. संतोषनं चहा ठेवला. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. अण्णा तुमचं लई चांगलं सांगायचे, म्हणाला. मग तोच बोलत राहिला. त्या दिवशी आईला धाप लागली होती, अण्णांना लाव म्हणत होती, त्यानं तीनदा फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. अण्णा नंतर म्हणाले, मीच बसमध्ये विसरलो होतो.

"इतकी वर्षं मी त्यांच्यासंगं धड बोललो नाय, सर," संतोष म्हणाला. "एका घरात राहून. ताट वाढायचो आणि उठून जायचो. आई आजारी असताना माणूस फोन इसरतोच कसा, हेच डोक्यात. ते कधी एका शब्दानं उलटून बोलले नायत."

तो माझ्याकडे बघत होता, मी काही समजुतीचं बोलेन म्हणून.

"विसरले नव्हते," मी म्हणालो. "फोन माझ्याजवळ होता."