दूध सोसायटीच्या दारातली उपासना

माझे वडील केजजवळच्या एका गावात चर्चचे पाळक होते. त्यांच्या प्रवचनात एक ग्रीक शब्द हमखास यायचा, कायरोस. नुसता सरत जाणारा काळ वेगळा आणि माणसाला हो की नाही ते ठरवायला लावणारी घटका वेगळी, असं ते समजावत. ती घटका देव आणतो, आपण वाट बघायची. पुढे मी धर्मशास्त्र शिकले, तिथंही प्राध्यापक तेच सांगत. मी वर्गात त्यांच्याशी भांडले, कारण मी माझ्या आईला पाहिलं होतं.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. ज्वारी पोटरीतच वाळून गेली होती. गावच्या दूध सोसायटीत जनावरांसाठी सरकारी चारा आला आणि चेअरमननं सभेत ठराव मांडला, ज्याच्या नावावर जमीन त्यालाच चारा. आमच्याकडे जमीन नव्हती. एक म्हैस होती, आणि आई सोसायटीची सभासद होती. तिनं एकटीनं विरोध केला. ठराव मंजूर झाला.

घरी वडील तिला म्हणाले, धीर धर, देवाची वेळ येईल.

"म्हशीच्या बरगड्या दिसायल्यात," आई म्हणाली. "आजून कोन्ती वेळ यायची ऱ्हायलीय?"

सकाळी तिनं म्हैस नेऊन सोसायटीच्या दारातच बांधली आणि शेजारी बसली. चेअरमननं आधी समजावलं, मग दम दिला. पाळकाच्या बायकोला हे शोभत नाही, म्हणाला.

"चेअरमनसाहेब, म्हैस चारा खाती, सातबारा न्हाई," आई म्हणाली.

दुपारी बौद्ध वस्तीतल्या दोघीजणी आपापली जनावरं घेऊन आल्या. त्यांनाही जमीन नव्हती. संध्याकाळी दूध घालायला येणाऱ्यांना आत शिरायला वाट उरली नाही.

रविवार आला तरी आई उठली नाही. वडील बायबल काखेत धरून चर्चकडे निघाले, मी मागोमाग. चौकात ते थांबले, आणि एकाएकी सोसायटीकडे वळले. चर्चला जमलेल्या मंडळीला तिथंच बोलावून घेतलं. शेणामुताच्या वासात, धुळीत बसून आम्ही उपासना केली. प्रवचन फार लहान झालं.

"घटका येईल म्हणून मी घरात बसलो," वडील म्हणाले. "ती इथं येऊन बसली होती. मला ओळखू आली नाही."

आई त्यांच्याकडे न बघता म्हशीला पाणी पाजत होती.

सोमवारी चेअरमननं नमतं घेतलं आणि चारा सगळ्यांना वाटला. नंतर मात्र आमचं दूध पातळ आहे म्हणून सोसायटीतून परत यायला लागलं. आईनं ते स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला घालायला सुरुवात केली. वर्षभरानं सोसायटीची सभा भरली, तेव्हा ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. दूध घालत नाहीस तर इथं कशाला आलीस, असं चेअरमननं विचारलं.

"शेअर हाय माझा," आई म्हणाली. "ठराव वाचा."