विडीतलं निमंत्रण

काल निपाणीच्या स्टँडवर बस थांबली आणि खिडकीतून तंबाखूचा उग्र वास आत आला. मला एकदम आमची गल्ली आठवली, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आई आणि तिच्या मैत्रिणी.

त्यांच्यातल्या शेवंताक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही शाळेत झुणका-भाकरीचं जेवण ठेवलं होतं. येणाऱ्यानं जेवावं आणि जमेल ते द्यावं. पत्रिका छापणं परवडणारं नव्हतं. मी चिठ्ठ्या लिहिल्या आणि बायकांनी त्या तंबाखूऐवजी पानात घालून वळल्या, वर लाल दोरा बांधला. "पाकिटाचा खर्च वाचला बघ गं!" आई खुशीत म्हणाली.

रविवारी सकाळी पीठ घेऊन आम्ही शाळेत पोचलो, तर शेजारचे म्हातारे आप्पा पायरीवर बसलेले.

"आप्पा, जेवान संध्याकाळी हाय की," आई म्हणाली.

"आसंल. मी विडी समजून पेटवली. वास येगळाच आला म्हणून उलगडली, तर 'रविवार' आणि 'शाळेत' एवढंच ऱ्हायलं हुतं. येळ जळून गेली. चुकाया नको म्हणून उजाडताच आलो."

आई हसून हसून खाली बसली. मग आप्पांनीच दिवसभर कांदे चिरले.

आता मी बेळगावात असते. आमच्या मंडळाच्या मदतीच्या कार्यक्रमांची आमंत्रणं मोबाइलवर जातात. वेळ ठळक अक्षरांत असते, तरी लोक उशिराच येतात.

मी मात्र उजाडताच जाऊन पायरीवर बसते.